जानकी साळवे यांचा चेहरा

१

शांताबाईंच्या खात्यात एकशे बारा रुपये उरले होते.

ही गोष्ट सांगायला त्या आल्या तेव्हा सुगंधा परबांना बोलता येत नव्हतं. सकाळी आंघोळ झाल्यापासून पोथीचा त्या दिवसाचा अध्याय संपेपर्यंत मौन, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. भांडुपच्या त्या चार मजली इमारतीत तो सगळ्यांना ठाऊक होता. साडेसातच्या आधी त्यांची बेल कुणी वाजवत नसे. शांताबाईंनीही वाजवली नाही. दार लोटून त्या आत आल्या, पोथीच्या चौरंगाशेजारी पासबुक ठेवलं आणि जमिनीवर बसल्या.

"तुमचं चालू द्या, ताई. मी बसते."

मनगटावरच्या बांगड्या त्या पुढेमागे करत राहिल्या, त्यांचा आवाज थांबेना. राहिलेल्या चाळीस ओव्या सुगंधाताईंनी कशा वाचल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पोथी मिटून नमस्कार केला आणि पासबुक उचलून थेट शेवटचं पान उघडलं. एकतीस वर्षं त्यांनी सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली होती. अशी पानं वाचायला त्यांना वेळ लागत नसे. तीन जानेवारी, शनिवार. एकाच दिवसात तीन वेळा मिळून चार लाख ऐंशी हजार रुपये बाहेर. शांताबाईंनी महापालिकेच्या दवाखान्यात आयाबाई म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यातलं उरलंसुरलं सगळं.

"शनिवारी तुम्ही कुठे होता?"

"पौर्णिमा होती ना. विहारात."

खरंच की. पौर्णिमेला शांताबाई अष्टशील पाळत. पांढरी साडी, दुपारी बारानंतर अन्न नाही, अंगावर दागिना नाही. एरवी झोपतानाही न निघणाऱ्या कानातल्या कुड्या त्या दिवशी डबीत जात. सुगंधाताई कोकणातल्या, त्यांचे देव वेगळे, पण नेम पाळणाऱ्या बाईला दुसरीचा नेम बरोबर कळतो. म्हणूनच दोघींचं जमायचं.

"आणि फोन?"

"घरी. कपाटावर. त्या दिवशी हात लावत नाही मी."

"घराची किल्ली?"

"मीटरपेटीत. केतन शाळेतून यायचा तेव्हापासून तिथंच असते."

"फोनवरच्या बँकेचा पिन?"

शांताबाईंनी मान खाली घातली. "कॅलेंडरच्या मागं. चेतनानं लिहून ठेवलाय, मी विसरते म्हणून."

"म्हणजे अख्ख्या इमारतीला आवतण दिलंत की हो, शांताबाई," सुगंधाताई हळूच म्हणाल्या.

अकराच्या सुमारास शांताबाईंची लेक चेतना बँकेतून धापा टाकत आली. तक्रार नोंदवली होती. पैसे कुठल्या खात्यात गेले तेही कळलं होतं. तिन्ही वेळा एकाच.

"कुणाच्या?"

चेतनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"प्रबुद्ध वाघमारे, काकू. मुलुंड."

अकरा दिवसांनी जिच्याबरोबर त्याचा साखरपुडा ठरला होता, ती चेतनाच हे नाव सांगत होती.

२

प्रबुद्ध दुपारीच आला. बोलवावं लागलं नाही, कारण सकाळी त्याचंही खातं बँकेनं गोठवलं होतं आणि सासूबाईंचे पैसे आपल्याकडे आल्याचं त्याला चेतनाच्या फोनवरून कळलं होतं. तो सुगंधाताईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत यावं की नाही ते त्याला कळेना.

"बस रे. चोर असतास तर आला नसतास. बहुतेक."

"बहुतेक?" तो कसनुसं हसला.

"मला अजून काही माहीत नाही. तू सांग."

प्रबुद्ध परदेशातल्या कंपन्यांसाठी घरूनच डिझाइनची कामं करायचा. मेहनताना यूएसडीटीत यायचा, म्हणजे डॉलरच्या भावाच्या कॉइनमध्ये. रुपये हवे झाले की एका अ‍ॅपवरच्या बाजारात तो कॉइन विकायचा, थेट माणसाकडून माणसाला. विकणाऱ्याचे कॉइन अ‍ॅप धरून ठेवतं, घेणारा बँकेतून पैसे पाठवतो, पैसे आले की विकणारा कॉइन सोडतो. लग्नानंतरच्या जागेचं डिपॉझिट भरायचं म्हणून शनिवारी त्यानं दोन वर्षांची साठवण विकली होती.

"यात धोका एकच असतो, काकू. घेणारा दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून पैसे पाठवतो. मग तो दुसरा बँकेत रडत जातो, बँक आपलं खातं गोठवते, पैसे उलटे फिरवते. कॉइन तर गेलेलेच असतात. म्हणून मी अ‍ॅपवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळल्याशिवाय कधीच सोडत नाही. आणि या वेळी जुळलं होतं! जानकी डी. साळवे. दोन्हीकडे तेच!"

"जानकी कोण?" सुगंधाताईंनी विचारलं.

कोपऱ्यात बसलेल्या शांताबाई पुटपुटल्या, "मी."

दोघंही त्यांच्याकडे बघायला लागले.

"माहेरचं नाव. लग्नात सासूबाईंनी शांता ठेवलं, पण नोकरीचे कागद आधीचे, त्यांवर आडनाव तेवढं बदललं. तिथं जानकीच राहिलं."

प्रबुद्ध मटकन खाली बसला. "मला वाटलं, साळवे काय, शेकड्यांनी असतात."

"म्हणजे कुणीतरी शांताबाईंच्या नावानं त्या बाजारात खातं उघडलं. त्या बाजारात विकणारे किती असतात?"

"एका वेळी पाचशे तरी."

"आणि तुझं नाव तिथं प्रबुद्ध वाघमारे असंच दिसतं?"

"नाही, टोपणनाव असतं. माझं 'पिंपळपान' आहे."

सुगंधाताईंनी चहाचं भांडं खाली उतरवलं. "पाचशे जणांतून नेमका शांताबाईंचा जावईच कसा सापडला रे त्याला? तुझं हे पिंपळपान ओळखणारे कोण कोण?"

"चेतना. दोनतीन मित्र. आणि..." तो थांबला. "आठवत नाही, काकू. डोकंच चालत नाहीये."

३

इमारतीच्या खाली सर्वेशचं दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, सगळे ऑनलाइन फॉर्म. शांताबाईंच्या फोनवर बँक चालू करून देणाराही तोच.

"म्हणजे आता मी चोर?" सुगंधाताईंना बघताच तो उसळला. "आख्ख्या बिल्डिंगची आधार कार्डं माझ्याकडे आहेत, काकू. चोरी करायची असती तर आतापर्यंत लोणावळ्याला बंगला बांधला असता."

"चिडू नकोस रे. त्यांचं काय काय काम केलंस तेवढं सांग."

"बँक चालू केली दिवाळीत. मग नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांना दर वर्षी द्यावा लागतो ना, जिवंत असल्याचा. आता चेहऱ्यावरच होतो. कॅमेऱ्यात बघायचं, डोळे मिचकावायचे, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम." त्यानं फाइल चाळून पावती काढली. "हे बघा. सगळ्यांच्या जपून ठेवतो मी."

पावतीवर शांताबाई होत्या. हिरवं पातळ, कानात कुड्या, चेहऱ्यावर फोटो काढताना येतो तो राग.

"पौर्णिमेला तुझं दुकान उघडं होतं?"

"रोज उघडं असतं. पण पौर्णिमेला शांतामावशी कधी येत नाहीत. पहाटे विहारात जातात, संध्याकाळी केतनच्या बाइकवरून येतात, थेट वर."

केतन म्हणजे शांताबाईंच्या नणंदेचा मुलगा. आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, शांताबाईंनीच वाढवला. आता घाटकोपरला एका कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर होता. मामीच्या पैशांचं कळल्यावर तो रोज संध्याकाळी यायला लागला. येताना पाव, दूध, औषधं, काय हवं नको ते आणायचा.

"दाजीचं नाव निघालं तेव्हा माझी तर वाटच लागली, काकू," जिन्यात भेटला तेव्हा तो म्हणाला. "मी तर चेतनाला बोललो, पोलिसात जाऊ नको, आधी साखरपुडा थांबव. माणूस चांगला वाटला होता यार."

"तुला कळतं का रे हे कॉइनचं?"

"मला? छे! बाइकचा हप्ता भागत नाही, कॉइन कुठले घेतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? तुम्ही सर्वेशला धरा. दाखल्याच्या नावाखाली चेहरा त्यानंच घेतला मामीचा. मी होतो ना तिथं. बिचारी पांढऱ्या साडीत स्टुलावर बसलेली, आणि हा आपला, मान इकडं फिरवा, तिकडं फिरवा. आज चेहरा दिला म्हणजे सगळंच दिलं, काकू."

"खरं आहे," सुगंधाताई म्हणाल्या. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाती लागत नव्हतं.

साखरपुडा दोन दिवसांवर आला तेव्हा बँकेतून फोन आला. कॉइनच्या बाजारवाल्यांचं उत्तर आलं होतं.

४

शाखेतले चंद्रप्रकाश साहेब भला माणूस. पण त्यांनी शांताबाईंना खुर्ची दिली ती नजर चुकवून.

"बाई, त्या अ‍ॅपवरचं खातं तुमच्याच आधारवर, तुमच्याच मोबाइल नंबरवर उघडलंय. आणि चेहरा पडताळून." त्यांनी छापलेला कागद टेबलावर सरकवला. "हा तुमचा फोटो नाही का?"

शांताबाईंनी चष्मा पुसला. कागद जवळ घेतला, लांब धरला. फोटोत त्या थेट समोर बघत होत्या, शांत, तोंडावर जरासं हसू.

"मीच आहे," त्या म्हणाल्या. "पण मी नाही हो, साहेब."

"फोटो जबरदस्तीचा वाटत नाही."

"मी नाही."

"खातं तुमचं, चेहरा तुमचा, पैसे घेणारा तुमचा होणारा जावई. वरचे साहेब म्हणतात, हा घरगुती मामला आहे, तक्रार बंद करा. किंवा मग पोलीस तुम्हा दोघांना एकत्रच बोलावतील. सोमवारपर्यंत लेखी द्या काय ते." मग सुगंधाताईंकडे वळून ते म्हणाले, "फोटो कोणत्या तारखेचा ते त्यांनी कळवलेलं नाही. विचारलंय, पण पंधरा दिवस लागतील."

बँकेतून तिघी घरी परतल्या. जिन्यात चेतना थांबली आणि तिनं विचारलं.

"आई, खरं सांग. प्रबुद्धनं मागितले होते का पैसे? तू माझ्यासाठी म्हणून दिलेस?"

शांताबाईंनी लेकीकडे पाहिलं. आत गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आतून कडी लावली.

त्या रात्री चेतनानं प्रबुद्धला फोन करून सांगितलं, रविवारी येऊ नकोस.

५

शनिवारी सकाळी सुगंधाताई पोथीला बसल्या. चंद्रप्रकाश साहेबांकडून मागून आणलेला फोटोचा कागद त्यांनी मुद्दाम समोर, समईच्या पायाशी ठेवला होता. काउंटरवर असताना त्यांची एक सवय होती. सही पडताळताना त्या नाव वाचत नसत. नाव खोटं करणारा नीट घोटून येतो; तो चुकतो आजूबाजूला, जिथं त्याचं लक्षच नसतं.

ओठांवर ओव्या, नजर कागदावर. चेहरा सोडून त्या आजूबाजूचं बघायला लागल्या. मागची भिंत फिकी, पुसट. खांद्यावरचा पदर पांढरा. गळा मोकळा.

कान मोकळे.

ओवी ओठातच अडली.

मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण अध्यायाच्या एकवीस ओव्या बाकी होत्या. देवाला दिलेला शब्द. सुगंधाताईंनी त्या एकवीसच्या एकवीस वाचल्या, एकही गाळली नाही, घाईही केली नाही. पोथी मिटली, नमस्कार केला आणि जिना चढून वर गेल्या.

दहा वाजता शांताबाईंच्या खोलीत सुगंधाताईंनी जमवलेली पाच माणसं बसली होती. शांताबाई, चेतना, प्रबुद्ध, सर्वेश आणि पिशवीत केळी घेऊन आलेला केतन.

"हा फोटो पौर्णिमेचा आहे," सुगंधाताईंनी सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच हळू. "शांताबाईंच्या कानातून कुड्या फक्त त्याच दिवशी निघतात. पांढरी साडीही त्याच दिवशी. सर्वेशनं घेतलेला फोटो हा बघा, हिरवं पातळ आणि कुड्या. म्हणजे तो दाखला वेगळा आणि हा चेहरा वेगळा."

"तेच तर मी सांगत होतो!" सर्वेश म्हणाला.

"आता कुठली पौर्णिमा? पैसे गेले ती नव्हे. प्रबुद्ध, त्या अ‍ॅपवर खातं पक्कं व्हायला किती दिवस लागतात?"

"चार-पाच तरी."

"म्हणजे त्याआधीची. मार्गशीर्षातली, चार डिसेंबरची, नाहीतर तिच्याही आधीची. प्रबुद्ध या घरात पहिल्यांदा आला एकवीस डिसेंबरला, मुलगी बघायला. तोवर त्यानं शांताबाईंचं तोंडही पाहिलं नव्हतं."

चेतनानं मान वर करून प्रबुद्धकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"पौर्णिमेला शांताबाई सर्वेशच्या दुकानात जात नाहीत. चेतना कामावर असते. विहारातून त्यांना आणायला एकच माणूस जातो." सुगंधाताईंनी श्वास घेतला. "केतन, तू मला जिन्यात म्हणालास, मामी पांढऱ्या साडीत बसलेली. हा फोटो बँकेत यायच्या आधी म्हणालास. आणि म्हणालास, मान इकडे तिकडे फिरवायला लावली. हयातीच्या दाखल्याला मान फिरवावी लागते का रे, सर्वेश?"

"नाही. फक्त डोळे."

"कॉइनच्या अ‍ॅपला, प्रबुद्ध?"

"हो. डावीकडे, उजवीकडे."

"काकू, एवढ्यावरून तुम्ही मला..." केतन हसायला गेला. "साडीचा रंग चुकला असेल माझा!"

"असेल. पण कॉइनमधलं मला काही कळत नाही, असंही म्हणाला होतास." सुगंधाताई प्रबुद्धकडे वळल्या. "तुझ्या अ‍ॅपवर जुने सौदे दिसतात ना? या मुलाचं नाव शोध बरं."

प्रबुद्धनं फोन काढला. बोट सरकवत गेला आणि एकदम थांबला. "अठ्ठावीस डिसेंबर. पाचशे रुपये. केतन..." त्यानं वर पाहिलं. "अरे, तू म्हणालास, दाजी, कसं करतात ते जरा दाखवा. इथंच. या खाटेवर बसून."

खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

मग शांताबाई हळूहळू, जुनं स्वप्न आठवावं तशा बोलायला लागल्या.

"विहाराच्या पायरीवर. मी खाली उतरत होते. म्हणालास, मामी, दाखला नापास झाला, परत चेहरा द्यायचाय, नाहीतर पेन्शन बंद होईल. मान फिरव म्हणालास. कपाटावरचा माझा फोन घरून आणला होतास, त्यावर बराच वेळ काहीतरी करत होतास. मी दाखला म्हणून सोडून दिलं, सर्वेशचा आणि तुझा एकच समजून बसले." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "मी हसले होते, कारण तू समोर होतास."

केळ्यांची पिशवी खाली पडली. केतन भिंतीला टेकला आणि तसाच घसरत जमिनीवर बसला.

"बुडालो होतो, मामी. आधी दहा हजार, मग लोकांचे तीन लाख. भाव वर जाईल म्हणून लावत गेलो. परत आणून ठेवणार होतो. आईशप्पथ, पुढच्या पौर्णिमेच्या आत ठेवणार होतो."

"पण माझ्याकडूनच का घेतलेस?" प्रबुद्ध ओरडला. "पाचशे जण होते! मला अडकवायला?"

केतननं डोळे पुसले. "अडकवायला नाही, दाजी. त्या बाजारात सगळे चोर. पैसे पाठवले आणि कॉइनच नाही सोडले तर? मला भरवशाचा माणूस एकच माहीत होता."

६

दुपारी चंद्रप्रकाश साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सरळच सांगितलं. भाच्यावर तक्रार झाली की प्रबुद्धच्या खात्यातले पैसे उलटे फिरून बाईंना मिळण्याची शक्यता आहे. कॉइन काही परत यायचे नाहीत, ते केव्हाच पुढे गेले. म्हणजे नुकसान सगळं जावयाचं.

केतननं मामीचे पाय धरले. "तू एवढंच लिही ना, की पैसे तूच पाठवलेस. तक्रार बंद होईल. दाजीचं खातं सुटेल, लग्न होईल, मी पण सुटेन. तुझे पैसे मी फेडतो, एकेक करून. सगळेच वाचतात, मामी!"

खरंच वाचत होते. सुगंधाताईंनाही क्षणभर तसं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

"आणि रोज सकाळी पंचशील म्हणताना खोटं बोलणार नाही म्हणते, ते कुणाला म्हणते मी?" शांताबाईंनी त्याचे हात बाजूला केले. "ताई, कागद घ्या. मी सांगते तसं लिहा."

सुगंधाताईंनी लिहिलं. माझा भाचा केतन यानं माझा चेहरा फसवून घेतला आणि माझ्या खात्यातून पैसे काढले. त्याच्यावर कायद्यानं कारवाई व्हावी. ते पैसे ज्यांच्याकडे गेले, त्या प्रबुद्ध वाघमारे यांनी त्या बदल्यात खरा माल दिला आहे. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचे पैसे माघारी घेऊ नयेत.

"नाही, आई, पैसे तुमचे आहेत," प्रबुद्ध मधेच म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आई हा शब्द निघाला होता. "तुमची आयुष्यभराची..."

"चोरी माझ्या घरात झाली बाबा, तुझ्या नाही. तुला ओझं वाटत असेल तर दोघं मिळून मला म्हातारपणी भाकरी घाला. पण आधी हिला विचार, उद्या ये म्हणते का."

चेतनाला हुंदका आवरेना. तिनं आईकडे पाहिलं, मग प्रबुद्धकडे. "ये," एवढंच म्हणाली. "हॉल नको. विहारातच करू."

शांताबाईंनी कागदाच्या तळाशी सही केली. जानकी धोंडिराम साळवे. सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं. सवयीनं सुगंधाताईंनी ती निरखली. हात कुठेही थांबला नव्हता.

मग त्यांनी केतनला उठवलं, तोंड धुवायला लावलं, ताट वाढलं. तो चार घास जेवला. पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर त्या स्वतः जाणार होत्या. तसं त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

खाली उतरताना त्या मीटरपेटीपाशी थांबल्या. झाकण उघडलं, आत हात घातला. नऊ वर्षांचा पोरगा शाळेतून आला की त्याला दाराशी ताटकळायला नको, म्हणून ठेवलेली ती किल्ली त्यांनी बाहेर काढली, पदरानं पुसली आणि कमरेच्या पिशवीत टाकली.

"चल," त्या म्हणाल्या.